ळ

जीभ मागे वळवा, मी म्हणायचो,
टाळूला टेकवा आणि सोडा.
डॉक्टर खियलदास लुल्ला आरशासमोर उभे राहून
स्वतःच्याच घशात टॉर्च मारायचे,
ते अक्षर कुठे अडकलंय बघायला.

देवळालीच्या छावणीतून आले तेव्हा अंगावर एकच कोट.
लोकांना वाटायचं, खिशात शिकारपूरच्या घराची किल्ली असेल.
किल्ली नव्हती.
कुलूपच लावलं नाही, म्हणाले एकदा
गोळ्या मोजता मोजता,
एक पेशंट बसला होता आत.

दहीपुलावर जिन्याखालची खोली.
मी कंपाउंडर, गायधनी.
बाटलीवर दातेरी कागदाची पट्टी चिकटवायचो,
दिवसाचे तीन डोस, आणि मधल्या वेळात मराठी.
म्हातारी सांगायची, पोटात कळ येते.
ते लिहायचे, उजवीकडून डावीकडे, त्यांच्या लिपीत: कल.
आणि माझ्याकडे वळून, हळूच,
कल? म्हणजे आज नाही?

नगरपालिकेला उभे राहिले ते नळाच्या मुद्द्यावर.
तिवंध्याच्या सभेत तात्या क्षेमकल्याणी गरजले,
ज्याला ळ येत नाही तो नळ काय आणणार!
चौक हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
डॉक्टरांनी खिशातला कागद काढला,
लोकांना वाटलं उलटा धरलाय.
ळ तुमच्याकडे राहू द्या तात्या, म्हणाले,
नल मी आणतो.
पाणी दोघं मिलून पिऊ.

एकशे बारा मतांनी आले.
त्याच महिन्यात रात्री दीड वाजता
तात्या टांग्यातून उतरले, मूतखड्यानं कळवळत.
सिरिंज मी उकळली.
कोणी काही बोललं नाही.

पहिला नळ कुठे बसवला असेल त्यांनी?
वॉर्डात नाही.
थिएटरामागच्या रंगपटात,
जिथे नाटकातल्या बायका तोंडावरचा रंग उतरवायला
बादली मागत फिरायच्या.
वॉर्ड भडकला, आणि वॉर्डाचं चुकलं नव्हतं.
मी म्हणालो, साहेब, आधी लोकांना.
ते म्हणाले, सफेदा रात्रभर राहिला तर कातडीचं काय होतं,
बघितलंस कधी?
बघितलं नव्हतं.
वॉर्डाला पाणी आलं अकरा महिन्यांनी.
पुढची निवडणूक त्या अकरा महिन्यांनी खाल्ली.

हरल्यावर भिकू लोणारीला बोलावून म्हणाले,
आमचा बाजार काढ.
लांबच लांब, वर छप्पर, फटीतून ऊन पडतं.
भिकू मनमाडच्या पलीकडे कधी गेला नव्हता.
त्यानं काढली आपल्या भांडीबाजारातली तांबटांची दुकानं,
त्यांच्यावर छप्पर,
आणि मागे, हात गेला म्हणून, गोदेचा एक तुकडा.
डॉक्टर चष्मा पुसत बघत राहिले.
सगलं चुकलंय, म्हणाले.
मग ठरल्याहून वीस रुपये जास्त मोजले
आणि चित्र ठोकलं छताला,
तपासणीच्या टेबलाच्या बरोबर वर.
पंचवीस वर्षं नाशिकनं उताणं पडून,
जीभ बाहेर काढून,
ते चुकलेलं गाव पाहिलं.

त्यांच्यामागे टेबल विकलं गेलं.
चित्र कुणी मागितलं नाही, मी आणलं.

आता माझी कवळी बसत नाही.
परवा नातसुनेला म्हणालो, पाठीत कल येते गं.
काय येते, आजोबा?
जीभ मागे नेली, टाळू चाचपला,
ती मधेच कुठेतरी थांबली.
असंच सांग, म्हणालो.
डॉक्टरांना कलतं.